पहिला ट्यूब गिटार अ‍ॅम्प्लिफायर बांधताना

थोड्या संख्येने, हाताने जुळवून तयार केलेल्या ट्यूब (म्हणजे निर्वात नळीच्या) गिटार अ‍ॅम्प्लिफायरना ‘बुटीक’ म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि या शब्दाभोवती बरेच गूढही जमले आहे. त्यामुळे असा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधू पाहणारा नवशिका जुन्या बनावटीचे कपॅसिटर आणि दुर्मीळ ट्यूब शोधण्यात महिने घालवतो. प्रत्यक्षात पहिला अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ वाजेल की सतत गुणगुणत राहील, हे मुख्यतः तारा कोठून नेल्या आणि अर्थ (म्हणजे शून्य दाबाची सामाईक जोडणी) कोठे जोडला यावर ठरते. कपॅसिटरवरच्या नावाचा त्यातील वाटा फार लहान असतो.

सर्किट निवडताना नवे काही रचण्याचा मोह टाळावा. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘चॅम्प’ या अ‍ॅम्प्लिफायरचे सर्किट सुरुवातीसाठी उत्तम आहे, कारण त्यात तीनच ट्यूब आहेत: सिग्नल वाढवणारी १२एएक्स७, स्पीकरला शक्ती पुरवणारी ६व्ही६ आणि एसीचे डीसी करणारी ५वाय३. दुसऱ्याचे सर्किट घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मार्शल कंपनीचा पहिला प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा फेंडरच्या ‘बेसमन’वरूनच बेतलेला होता. चॅम्पची शक्ती साधारण ५ वॉट आहे, हे ऐकून अनेकांची निराशा होते. पण आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते, म्हणजे ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर कानाला याच्या जेमतेम दुप्पट वाटेल. घरातील खोलीत ५ वॉट पुरून उरतात.

ट्यूबचे काम समजले की चुका निम्म्याने कमी होतात. जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडची ट्यूब तयार केली आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा, म्हणजे ग्रिड, घातला. फिलामेंटने तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन विद्युतदाब असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत असलेल्या ग्रिडवरचा दाब किंचित बदलला तरी हा प्रवाह बराच बदलतो. प्लेटला १००,००० ओहमचा रेझिस्टर जोडला की प्रवाहातील बदलाचे दाबातील बदलात रूपांतर होते आणि १२एएक्स७ च्या एका टप्प्यात सिग्नल ५० ते ६० पट वाढू शकतो.

६व्ही६ पुढची अडचण वेगळी आहे. तिला सुमारे ५,००० ओहमचा भार हवा असतो, तर स्पीकर असतो ८ ओहमचा. ही तफावत आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरून काढतो: ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५, आणि त्याचे वर्गमूळ २५ असल्याने प्राथमिक वेटोळ्यात दुय्यम वेटोळ्याच्या २५ पट फेरे लागतात. शिवाय या सर्किटमध्ये एकच आउटपुट ट्यूब असल्यामुळे प्राथमिक वेटोळ्यातून डीसी प्रवाह सतत वाहत असतो. त्याने लोखंडी गाभा संपृक्त होऊ नये म्हणून गाभ्यात बारीकशी फट ठेवतात. गाभा लहान किंवा बिनफटीचा असेल तर खर्जाचे स्वर पातळ होतात. खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा. साध्या रेझिस्टर-कपॅसिटरनी पुढेही काही बिघडत नाही, फक्त त्यांची दाब सोसण्याची क्षमता पुरेशी असावी.

आता धोक्याविषयी, कारण येथे हयगय चालत नाही. या यंत्रात ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असते आणि मेन्स बंद केल्यावरही ते डीसीतील चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहते. ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ४०० व्होल्ट असतील तर त्यात जवळपास ३.८ जूल ऊर्जा असते, आणि धक्का छातीतून गेला तर तो जिवावर बेतू शकतो. अशा कपॅसिटरला समांतर २२०,००० ओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडल्यास २०-२२ सेकंदांत दाब ५० व्होल्टपर्यंत उतरतो. तरीही हात घालण्यापूर्वी मल्टीमीटरने खात्री करावीच. मोजमाप करताना काळी वायर चिमट्याने चासीला (धातूच्या सांगाड्याला) लावावी, लाल वायर एका हाताने धरावी आणि दुसरा हात खिशात ठेवावा. मेन्सची अर्थ वायर चासीला स्वतंत्र बोल्टने घट्ट बसवावी, तर फेज आधी फ्यूजमधून आणि मग स्विचमधून न्यावी.

जोडणीसाठी पितळी खुंट्या बसवलेली पट्टी घेतात. फिलामेंटच्या ६.३ व्होल्ट एसीच्या दोन तारा एकमेकींत घट्ट पिळून चासीच्या कडेने न्याव्यात. दोघींतील प्रवाह विरुद्ध दिशांना असल्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात. ग्रिडच्या तारा आखूड ठेवाव्यात आणि प्लेटच्या तारांपासून दूर न्याव्यात. त्या ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. ग्रिडचा ६८,००० ओहमचा रेझिस्टर तर थेट ट्यूबच्या सॉकेटवरच सोल्डर करावा.

अर्थची जोडणी मात्र विचार करून करावी. रेक्टिफायर, म्हणजे ५वाय३, पहिल्या फिल्टर कपॅसिटरला सलग नव्हे, तर झटक्याझटक्याने भरतो. हा झटका ०.२ अँपिअरचा मानला आणि तो इनपुटच्या अर्थ तारेतूनच परतला, तर त्या तारेच्या ०.०१ ओहम रोधावर २ मिलिव्होल्ट तयार होतात. गिटारचा सिग्नल काही दहा ते शंभर मिलिव्होल्टचा, म्हणजे ही भेसळ ठळक ऐकू येते. म्हणून मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या वेटोळ्याचा मध्यबिंदू सरळ त्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जोडावा आणि इनपुटचा अर्थ वेगळ्या वाटेने न्यावा. मेन्स ५० हर्ट्झचे असल्यास गुणगुणीचा स्वरही दोष सांगतो: फिलामेंटमधून येणारी गुणगुण सहसा ५० हर्ट्झची, गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्झच्याही खालची असते, तर अपुऱ्या फिल्टरची किंवा चुकीच्या अर्थची १०० हर्ट्झची.

प्रथम चालू करताना मेन्सच्या वाटेत ४० किंवा ६० वॉटचा फिलामेंटचा जुना बल्ब एकसरीत जोडावा. एलईडी बल्ब येथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, प्रखर जळत राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे. आधी ट्यूब न लावता फिलामेंटचा दाब तपासावा आणि मगच ट्यूब बसवाव्यात. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर कधीही वाजवू नये, कारण भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इन्सुलेशन भेदण्याइतका दाब निर्माण होऊ शकतो.

सर्व ठीक दिसल्यावर बल्ब काढून ६व्ही६ च्या कॅथोडवरचा दाब मोजावा. तेथील ४७० ओहमच्या रेझिस्टरवर १९ व्होल्ट आले तर प्रवाह सुमारे ४० मिलिअँपिअर आहे; प्लेट आणि कॅथोड यांच्यात ३०० व्होल्ट असतील तर गुणाकार १२ वॉट येतो. जुन्या माहितीपत्रकांत ६व्ही६ च्या प्लेटची मर्यादा नेमकी एवढीच दिलेली आहे, आणि या प्रवाहात स्क्रीन ग्रिडचाही (६व्ही६ मधील आणखी एका ग्रिडचा) लहानसा वाटा असल्यामुळे प्लेट मर्यादेच्या किंचित आत राहते. आकडा बराच वर गेला तर रेझिस्टर मोठा लावावा.

एक घोटाळा मात्र निर्दोष जोडणीतही होतो. चॅम्पमध्ये स्पीकरकडील सिग्नलचा थोडा अंश मागे पाठवून विकृती कमी केलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट्या लागल्या तर हाच अंश वजा होण्याऐवजी मिळवला जातो आणि अ‍ॅम्प्लिफायर कर्कश किंचाळतो. अशा वेळी यंत्र बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारांची अदलाबदल करावी. त्यासाठी या दोन तारा पहिल्या चाचणीपर्यंत मापात न कापता लांबच ठेवाव्यात.