बॅनरलॉर्डचा मधेच कंटाळा का येतो, त्याची थोडी जुनी गोष्ट

परवा रंकाळ्यावर बसलो होतो तर एक मित्र म्हणाला, भावा ते बॅनरलॉर्ड घेतलं, पहिले 30 तास लय भारी गेले, आता उघडूच वाटेना. बॅनरलॉर्ड म्हणजे माउंट अँड ब्लेड या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेतला पुढचा गेम, घोड्यावर बसून लढायचा, फौज जमवायचा. मी म्हटलं तुझं एकट्याचं नाही हे, माउंट अँड ब्लेड खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं असंच होतं, आणि दोष तुझा कमी, त्या गेमच्या खानदानाचा जास्त. तेव्हा चहा संपेपर्यंत अर्धंच सांगून झालं, उरलेलं इथं लिहितोय.

आधी गेम म्हणजे मशीनमध्ये नाणं टाका, तीन लाइफ, स्कोअर, खेळ खल्लास. 1984 ला ब्रिटनमध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन कॉलेजच्या पोरांनी एलिट नावाचा गेम काढला, 32 केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरवर, त्यात 8 आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह, आणि स्कोअरच नाही. व्यापार करा, लुटा, नुसतं फिरा, तुमची मर्जी. एका प्रकाशकानं तो नाकारला होता, कारण त्यांना तेच तीन लाइफ आणि दहा मिनिटांत आटोपणारा खेळ हवा होता. म्हणजे गेमचा शेवट काढून टाकायचा हा उद्योग तिथून सुरू झाला असं धरा.

मग 1987 ला सिड मायरचा पायरेट्स आला, आणि माझ्या मते सगळी मेख इथं आहे. तुम्ही समुद्रातले चाचे, म्हणजे जहाजं लुटणारे, कुठल्याही राजाची बाजू घ्या, उद्या दुसऱ्याची घ्या. पण त्यात माणूस म्हातारा व्हायचा! जखमा व्हायच्या, तब्येत ढासळायची, तलवारबाजी जड जायची, आणि कधीतरी तुम्हीच ठरवायचं की आता बास, निवृत्त. मग गेम सांगायचा तुमचं पुढं काय झालं, भिकारी झालात की राजाचे सल्लागार. मोकळं रान दिलेलं, पण त्याला कुंपण वयाचं.

तुर्कस्तानातल्या अंकाऱ्यात आर्माआन यावुझ आणि त्याची बायको इपेक यांनी घरातनंच जे सुरू केलं ते माउंट अँड ब्लेड, आणि त्यावर पायरेट्सची छाप आहे हे यावुझनं स्वतःच सांगितलंय. जहाजाच्या जागी घोडा, समुद्राच्या जागी कॅलराडिया नावाचा काल्पनिक मुलुख. अर्धवट असतानाच ते नेटवर विकायला लागले आणि त्याच पैशात गेम वाढवत नेला, आज ज्याला अर्ली अॅक्सेस म्हणतात तेच, फक्त तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. पूर्ण गेम सप्टेंबर 2008 ला आला, त्याचीच वाढवलेली आवृत्ती वॉरबँड 2010 ला.

मी पहिल्यांदा खेळलो ते राजारामपुरीतल्या एका कॅफेत, तासाला 15 रुपये, कुणीतरी पेनड्राइव्हवर ट्रायल आणून टाकलेली. ती ठराविक लेव्हलला थांबायची, पुढं पैसे भरा. आमच्याकडं कार्ड कुणाकडं होतं, मग काय, थांबली की नवा माणूस, परत पहिल्यापासून. एकदा नुसता भालाईत, एकदा धनुष्य, एकदा घोडाच घ्यायचा नाही अशी पैज लावून, आणि ती पैज मी हरलो कारण गेममधल्या खेरगीट राज्याचे घोडेस्वार लांबनंच बाण मारून चाळण करतात. खरं सांगतो, इतक्या चवीनं तो गेम मी परत कधी खेळलो नाही, पुढं विकत घेतला तरीसुद्धा.

कारण पूर्ण वॉरबँडमध्ये माणूस म्हातारा होतच नाही. सरदार मरत नाहीत, पकडला तर चार दिवसांनी सुटून परत फौज घेऊन हजर. कॅम्पच्या मेनूत निवृत्त व्हायची सोय होती, पायरेट्सचीच पुण्याई, पण ती किती जणांनी दाबली असेल देव जाणे. सगळ्यांना नकाशा एका रंगाचा करायचा असतो, म्हणजे सगळी राज्यं जिंकायची असतात. आणि सुरुवातीला जो गेम होता, म्हणजे आठ गावगुंड सोबत घेऊन दरोडेखोरांशी मारामारी, मीठ कुठं स्वस्त मखमल कुठं महाग, तो कधी संपला आणि वेढ्यावर वेढे घालायचा दुसराच गेम कधी सुरू झाला हे कळतच नाही. तीसेक तासांच्या आसपास हा सांधा येतो. मित्र अडकला तो तिथंच.

आपल्या लोकांना खरं तर ही भानगड शाळेपासून माहीत आहे. घोडा स्वतःचा तो शिलेदार, घोडा सरकारी तो बारगीर. गेममध्ये भाडोत्री म्हणून करार करता ती शिलेदारीच, पुढं राजापुढं शपथ घेऊन गाव मिळतं ती जहागिरी. शहाजीराजे निजामशाहीत, मग मुघलांकडं, परत निजामशाहीत, 1636 नंतर आदिलशाहीत, हा प्रवास वाचला की कॅलराडियात सरदार बाजू का बदलतात ते वेगळं समजावावं लागत नाही. आणि वतनावरून रुसवेफुगवे तर विचारूच नका, वॉरबँडमध्ये आपण रक्त आटवून किल्ला घ्यायचा आणि राजा तो देणार तिसऱ्यालाच. वर गेममधल्या स्वाडियाचा राजा हार्लौस राज्य जळत असताना पंगती उठवत बसलेला, हा जगभर चेष्टेचा विषय आहे. पण मला स्वतःला तो शिलेदारीचा काळच आवडतो, जहागीर आली की हिशेब आले.

बॅनरलॉर्डची घोषणा 2012 ला झाली, अर्ली अॅक्सेस 30 मार्च 2020 ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, आणि पूर्ण गेम 25 ऑक्टोबर 2022 ला. दहा वर्षं! तेवढ्यात आमच्यातल्या दोघांची लग्नं होऊन पोरं शाळेत गेली. गोष्ट वॉरबँडच्या दोनेकशे वर्षं आधीची, साम्राज्य तीन तुकड्यांत फुटलेलं. लोहारकाम नावाचा प्रकार आणलाय, त्यात चांगली तलवार घडवून विकली की इतका पैसा येतो की पैशाची किंमतच जाते, तेव्हा लोहारकामाला हात लावू नका, हा माझा फुकटचा सल्ला.

पण एक गोष्ट त्यांनी परत आणली, ती म्हणजे वय. गेममधलं वर्ष 84 दिवसांचं, माणूस म्हातारा होतो, मरतो, लग्न करून पोरंबाळं असतील तर 18 वर्षांच्या वारसाकडं कारभार जातो. सरदारही मरतात. फक्त 20 व्या वर्षी सुरू केलं तर हे म्हातारपण दिसायच्या आधीच माणूस कंटाळून गेम काढून टाकतो, मग त्या सोयीचा उपयोग काय.

म्हणून मी सँडबॉक्स मोडमध्ये, म्हणजे ठरलेली गोष्ट नसलेल्या मोकळ्या खेळात, सुरुवातीचं वय 50 घेतलं. राज्य काढायचं नाही, फक्त घराणं टिकवायचं. 51 व्या वर्षी लग्न, 52 व्या वर्षी मुलगी, नाव तारा ठेवलं, कोल्हापुरात राहून दुसरं काय ठेवणार. आता आमचे सरदार 63 चे, तारा 11 ची. ती 18 ची व्हायला अजून 588 दिवस, त्याआधी हे गेले तर कारभार ताराकडं जायचा नाही. त्यामुळं सध्या साधे लुटारू दिसले तरी मी म्हाताऱ्याला मागं उभा करतो आणि फौजेतल्या पोरांना पुढं पाठवतो, आणि रोज रात्री जेवण झालं की पहिलं बघतो ते हेच, म्हातारा आहे ना अजून.