मिनिनेटचे होस्ट एकच डिस्क का वापरतात? थोडी पार्श्वभूमी

मिनिनेट म्हणजे एकाच संगणकावर अख्खे आभासी नेटवर्क उभे करणारे सॉफ्टवेअर. त्यावर पहिल्यांदा प्रयोग करणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. एच१ या होस्टवर, म्हणजे त्या नेटवर्कमधल्या एका आभासी संगणकावर, फाइल तयार केली की ती एच२ वरही दिसते. एच२ वर 'पीएस' कमांड दिली तर एच१ वरच्या प्रोसेससुद्धा यादीत असतात. हा बग वाटतो, पण तसे ठरवूनच केलेले आहे.

आधीच्या काळात नेटवर्कची नक्कल करणारे एनएस-२ सारखे सिम्युलेटर होते. त्यांत टीसीपी या डेटा पोहोचवण्याच्या नियमसंचाचीही नक्कलच चाले, आपला खरा प्रोग्राम तिथे सहसा लावता येत नसे. खरी यंत्रे हवी असतील तर सामायिक प्रयोगशाळेत वेळ मागावा लागे.

२००८ साली लिनक्स कर्नल २.६.२४ आले आणि त्यात नेटवर्क नेमस्पेस (प्रोसेसला स्वतःचे वेगळे नेटवर्क देणारी सोय) व व्हेथ जोड्या (दोन टोकांच्या आभासी केबल) मिळाल्या. त्याच वर्षी ओपनफ्लो या स्विच-नियंत्रणाच्या प्रोटोकॉलचा प्रस्ताव मांडला गेला. स्विचने काय करायचे ते बाहेरचा कंट्रोलर सांगणार, तर तो कंट्रोलर तपासायचा कशावर? या गरजेतून मिनिनेट घडले आणि २०१० साली एका शोधनिबंधातून जगापुढे आले.

प्रत्येक होस्टसाठी एक व्हर्च्युअल मशीन उभे केले असते तर लॅपटॉपची मेमरी लवकरच संपली असती. म्हणून होस्ट म्हणजे फक्त एक शेल (कमांड घेणारी) प्रोसेस, इतकेच ठेवले. तिचे इंटरफेस, राउटिंग टेबल आणि पोर्ट वेगळे; फाइली, प्रोसेस क्रमांक, युजर सगळे सामायिक. मिनिनेटचा पायथन कोड केवळ नेटवर्कची मांडणी करतो. पॅकेट कर्नल हलवतो, त्यामुळे पायथनच्या वेगाचा त्यात अडसर येत नाही.

या निर्णयावरचे आक्षेप खोटे नाहीत. दोन होस्टांवर एकच राउटिंग डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालवला की दोघेही एकाच पीआयडी फाइलवर, म्हणजे प्रोसेस क्रमांक नोंदवायच्या फाइलवर, लिहू पाहतात. एच१ वर एका नावाच्या सगळ्या प्रोसेस बंद करणारी 'किलऑल' कमांड दिली तर एच२ वरचा सर्व्हरही मरतो. पुढे होस्टला खासगी डिरेक्टरी देण्याची सोय आली, आणि कंटेनरनेट या शाखेत होस्टच्या जागी डॉकर कंटेनर (स्वतःच्या फाइली असलेले वेगळे कप्पे) बसवले गेले. तरीही शिकणाऱ्यासाठी मूळ निर्णयच योग्य होता, असे माझे ठाम मत आहे. स्क्रिप्ट एकदाच लिहायची, ती कुठेही कॉपी न करता सगळ्या होस्टांवर चालते. आयपर्फ (वेग मोजणारे साधन) आणि टीसीपीडंप (पॅकेट नोंदवणारे साधन) यांची आउटपुट एकाच फोल्डरमध्ये जमा होतात. नेटवर्क समजून घ्यायला याहून जास्त वेगळेपण लागत नाही.

प्रश्न वेळेचाही होता. इथे घड्याळ खरे असते, त्यामुळे सीपीयूवर ताण आला की मोजमाप बिघडते. २०१२ साली सी-ग्रुप आणि टीसी या लिनक्सच्या सोयी वापरून अनुक्रमे सीपीयूला आणि लिंकला मर्यादा घालण्याची सोय झाली. त्याच वर्षी एका पदव्युत्तर वर्गातल्या ३७ विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध झालेल्या संशोधनातले प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि १८ पैकी १६ प्रकल्पांत मूळ निष्कर्ष मिळाला. नवख्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, या मर्यादा आपोआप लागत नाहीत. टीसीलिंक (मर्यादा घातलेली लिंक) न मागता आयपर्फ चालवले तर येणारा भलामोठा आकडा तुमच्या लॅपटॉपचा असतो, नेटवर्कचा नव्हे. पहिला पिंग उशिरा येतो तो ओपनफ्लोच्या वारशामुळे: नियम नसलेले पॅकेट स्विच आधी कंट्रोलरकडे पाठवतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत आलेली २.३.० ही आवृत्ती पायथन ३ वर चालते. जुन्या अभ्यासक्रमांतल्या कितीतरी स्क्रिप्ट मात्र पायथन २ च्याच आहेत. 'प्रिंट'पुढे कंस नसलेली ओळ दिसली तर मिनिनेट पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, आधी ती ओळ दुरुस्त करा.