तीन कॅडिलॅक आणि एक ढीग

१९०८ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या रेसिंग ट्रॅकवर अमेरिकेहून आलेल्या तीन कॅडिलॅक मोटारी पार खोलल्या गेल्या. नट, पिस्टन, गिअर, सगळं एकाच ढिगात. शिवाय त्यातले ८९ भाग काढून घेऊन त्यांच्या जागी दुकानातले दुसरे टाकले. मग मेकॅनिकांनी नुसते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कुणाचा रंग कुणाला लागला, गाड्या ठिगळ लावल्यासारख्या दिसू लागल्या. पण तिन्ही सुरू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने त्याबद्दल कॅडिलॅकला 'ड्यूअर ट्रॉफी' दिली.

यात कौतुक कसलं, हे कळायला त्या काळचा कारखाना आठवावा लागतो. तेव्हा फिटरच्या हातातली कानस थांबत नसे. प्रत्येक भाग शेजारच्या भागाला बसेपर्यंत घासायचा. त्यामुळे एका गाडीचा पिस्टन दुसरीला चालेलच असं नव्हतं. आणि पिस्टनचं काम तर फार नाजूक. सिलिंडरमध्ये तो सैल बसला तर वायू निसटून ताकद वाया जाते. घट्ट बसला तर तापल्यावर फुगून अडकतो.

डेट्रॉइटमध्ये १९०२ साली कॅडिलॅक सुरू करणारे हेन्री लीलँड मोजमापाची अचूक साधनं बनवणाऱ्या ब्राउन अँड शार्प कंपनीत घडलेले होते. त्यांनी कानशीची जागा मापाला दिली. स्वीडनच्या योहान्सन यांचे पोलादी गेज-ठोकळे, म्हणजे ठरावीक अचूक जाडीचे ठोकळे, त्यांनी कारखान्यात आणले. हे ठोकळे इतके सपाट असतात की एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून बसतात! चार ठोकळे जोडून हवं ते माप तयार करायचं आणि कारखान्यातली मापं त्याच्याशी ताडून पाहायची. मला कॅडिलॅकचं खरं सौंदर्य इथे दिसतं. १९४८ साली आलेले, लढाऊ विमानावरून सुचलेले ते प्रसिद्ध शेपटीचे पंखही देखणे आहेत, पण ती वरची सजावट.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तेव्हा गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरे आणि हँडलच्या फटक्याने मनगट मोडे. डेटनच्या चार्ल्स केटरिंग यांनी याआधी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. ती दिवसभर चालत नाही, क्षणभरच जोर लावते. म्हणून लहान असली तरी भागतं. हाच विचार त्यांनी गाडीला लावला. काही सेकंदांसाठी छोट्या मोटरवर भरपूर भार टाकला तरी ती जळण्याइतकी तापत नाही. इंजिन सुरू झालं की तेच यंत्र उलट काम करून बॅटरी भरतं, आणि त्याच विजेवर दिवे लागतात. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये हे सगळं आलं, त्यावर दुसरी ड्यूअर ट्रॉफीही मिळाली. हँडल मारायची ताकद नसलेल्यांनाही आता एकट्याने गाडी बाहेर काढता येऊ लागली.