ओळखीचं कुणी आहे का तिथे?

नवं समाजमाध्यम पहिल्यांदा उघडलं की नाव भरायचं, फोटो लावायचा आणि ओळखीचं कुणी सापडतंय का ते पाहायचं. दोनच नावं दिसतात, त्यांतलं एक कधीचं गप्प. आपण एक फोटो टाकतो. संध्याकाळी डोकावतो, तर कुणाचाच प्रतिसाद नाही. आठवड्याभरात ते ॲप फोनमध्ये आहे हेही विसरायला होतं.

ॲप वाईट असतं असं नाही. दोन माणसांत एक जोडी जमते, दहांत 45, शंभरांत 4950. माणसं वाढतात त्याहून जोड्या कितीतरी वेगाने वाढतात. माणसांना जोडणाऱ्या जाळ्याचं मोल माणसांच्या संख्येपेक्षा खूप वेगाने वाढतं असं सांगणारा मेटकाफचा नियम याच गणितावर उभा आहे. पण मला ते अपुरं वाटतं. त्या 4950 जोड्यांपैकी बहुतेकांचं एकमेकांशी काही देणंघेणंच नसतं.

खरी गोष्ट दाटीची आहे. समजा, 10 कोटी लोकांमधले 1 लाख जण इकडेतिकडे विखुरलेले असे सामील झाले, म्हणजे हजारात एक. तुमच्या ओळखीची दीडशे माणसं धरली, तर बहुधा त्यांतलं एकही तिथे भेटणार नाही. आता 5000 विद्यार्थ्यांचं एकच कॉलेज घ्या आणि त्यातले 1000 जण आले असं धरा. तिथल्या दीडशे ओळखींपैकी सरासरी 30 जण हजर! माणसं शंभरपट कमी, तरी गप्पा लगेच रंगतात. फेसबुक 2004 मध्ये आधी फक्त हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि मग एकेक विद्यापीठ जोडत गेलं, ते म्हणूनच मला फार महत्त्वाचं वाटतं.

उलट 2011 मध्ये आलेल्या गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमापाशी पैसा, अभियंते, जीमेलचे वापरकर्ते सगळं होतं. तरी तिथल्या 90 टक्के भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात, हे 2018 मध्ये गूगलनेच सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये सर्वसामान्यांसाठी ते बंद झालं.

मग जुन्या जागेला कंटाळलेले लोक एकदम उठून का जात नाहीत? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 मध्ये मांडलेली उंबरठ्याची कल्पना इथे चपखल बसते. कुणी दोन मित्र गेले की निघतो, कुणाला दहा जावे लागतात, कुणाला पन्नास. दोनवाला निघालाच नाही, तर दहावाला आणि पन्नासवाला जागचे हलत नाहीत. सगळे मनातून तयार असतात आणि सगळेच एकमेकांची वाट पाहत थांबतात. नव्या ठिकाणाहून परत फिरतानाही हेच घडतं: आधी एक गप्प होतो, त्याच्यासाठी येणारे दोघे थांबतात, मग त्या दोघांसाठी येणारे.