व्यसनविरोधी तासाला शिक्षक का अडखळतात?

मुंबईतल्या अनेक शाळांत अमली पदार्थांचा विषय २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनापुरता येतो. प्रभातफेरी, पोस्टर स्पर्धा, पोलीस अधिकाऱ्याचं भाषण, आणि संपलं. संयुक्त राष्ट्रांची प्रतिबंधविषयक मानकं (२०१३, सुधारित २०१८) नेमकं हेच टाळायला सांगतात. नुसतं व्याख्यान, भीती घालणं, व्यसनातून सुटलेल्याची कहाणी यांनी मुलांचं वागणं बदलत नाही. परिणाम दिसतो तो आठवड्याला एक, अशा दहा-पंधरा सहभागी तासांचा, तेही प्रशिक्षित शिक्षकाने घेतलेल्या.

पण बऱ्याच शिक्षकांना वाटतं, एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) आणि गांजाची सगळी माहिती पाठ असली की तास जमेल. ती माहिती थोडी असली तरी पुरते. खरी कसोटी वर्ग चालवण्यात आहे.

एक उदाहरण घ्या. आठवीच्या वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. ‘तुमच्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण तंबाखू वापरतात?’ नाव न घालता फक्त आकडा लिहायचा. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून मधला आकडा फळ्यावर लिहा. शेजारी २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातला आकडा लिहा: १३ ते १५ वयोगटात ८.५ टक्के. मुलांचा अंदाज सहसा बराच वर जातो, कारण टपरीवरची चार पोरं डोळ्यांत भरतात आणि न घेणारी कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ‘सगळेच घेतात’ हा समज इथे ढिला होतो. मात्र ‘तुमच्यापैकी कोण घेतं?’ असं हात वर करून विचारलंत, तर तास तिथेच बुडाला. मुलं खोटं बोलतील किंवा गप्प बसतील.

कुणी आग्रह केला तर ‘नाही’ कसं म्हणायचं, याचा सराव घेताना आग्रह करणाऱ्याची भूमिका शिक्षकानेच करावी. मुलांना दिली तर ती आग्रह करण्यातच पटाईत होतात.

व्हाइटनर किंवा थिनर हुंगताना मूल दिसलं, तर ओरडू नका, पाठलाग करू नका. दचकल्याने किंवा धावल्याने हृदयाची लय बिघडून मृत्यू होऊ शकतो. शांतपणे मोकळ्या हवेत आणून बसवा. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवून १०८ला फोन करा. आणि कुणी मन मोकळं करायला आलं, तर ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द आधीच देऊ नका. समुपदेशकाला सांगावंच लागेल.

हे वाचून येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम पाया म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. म्हणून प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाने सहकाऱ्यांसमोर दहा मिनिटं तास घ्यावा, आणि त्यांनी अवघड प्रश्न टाकावेत: ‘सर, तुम्ही कधी घेतलीये?’ उत्तर तयार हवं: ‘हा तास माझ्याबद्दल नाही.’ पुढे खऱ्या वर्गात एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवून शिक्षक किती वेळ बोलला, ते मोजायला सांगा. ३५ मिनिटांच्या तासिकेत २० मिनिटं तोच बोलला असेल, तर पुढच्या तासाला ते बोलणं निम्म्यावर आणा.