सत्तरीनंतर कॉक्लियर इम्प्लांटचा उपयोग नाही?

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं, ऐकू यायला मदत करणारं उपकरण. त्याचं नाव काढलं की ‘ते लहान मुलांसाठी असतं, या वयात कशाला?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. खरं तर अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) १९८४ साली या उपकरणाला पहिली मान्यता दिली ती प्रौढांसाठीच. मुलांचा नंबर १९९० मध्ये लागला.

वय एवढ्याच कारणावरून शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. ऐंशी ओलांडलेल्यांवरही ती होते. भूल झेपेल का, हे अर्थातच तपासतात. वयापेक्षा महत्त्वाचं असतं ते ऐकू न येता किती वर्षं गेली हे. त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणणंच महागात पडतं.

‘ओरडू नकोस, नीट बोल,’ असं आजोबा म्हणतात ना, तिथेच खरी मेख आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पण कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशीच गेल्या असतील तर मोठा आवाजही अस्पष्टच राहतो. इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालून थेट श्रवणतंतूला विद्युतसंकेत देतं.

मात्र यंत्र सुरू केलं की लगेच सगळं ऐकू येतं, हाही गैरसमजच. सुरुवातीला माणसं रोबोटसारखी बोलताहेत असं वाटतं. मग कित्येक महिने सराव: ‘पाट’ की ‘वाट’, ओठ न बघता ओळखायचं. कंटाळवाणं आहे, पण मेंदू नवा आवाज शिकतो तो असाच.