लिनक्सवर वायरचे इंटरनेट: कुठे अडले ते शोधा

केबल खोचली की बहुतेक लिनक्स संगणकांवर इंटरनेट आपोआप सुरू होते. झाले नाही, तर लिनक्स पुन्हा टाकायची घाई करू नका. त्याने सहसा काही सुटत नाही.

आधी संगणकात केबल खोचता त्या सॉकेटजवळचा दिवा पाहा. तो विझलेला असेल तर केबल टक् आवाज येईपर्यंत आत ढकला, मग राउटरचे दुसरे पोर्ट आणि दुसरी केबल लावून पाहा. राउटरच्या वॅन पोर्टात संगणकाची केबल जोडू नका, ते बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी असते.

दिवा लागला की टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'आयपी ए' ही कमांड इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा सोडून द्या. 'लो' सोडून द्या, ते संगणकाचे अंतर्गत असते. 'ईएन' किंवा 'ईटीएच'ने सुरू होणारे नाव म्हणजे तुमचे नेटवर्क कार्ड, म्हणजे केबल जोडली जाते तो संगणकाचा भाग. तिथे 'नो-कॅरियर' दिसले, तर पुन्हा केबलकडे वळा.

कार्डाचे नावच नसेल, तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, चढलेला नाही. ड्रायव्हर उतरवायलाच इंटरनेट हवे, अशी ही पंचाईत! फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देणे) सुरू करा आणि सिस्टिम अपडेट करा. नव्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ड्रायव्हर असण्याची शक्यता चांगली. त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर तिथले फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि काही कार्डे लिनक्समध्ये जागी होत नाहीत.

कार्ड आहे, पण 'आयपी ए'च्या उत्तरात त्याच्या 'इनेट'पुढे पत्ता नाही किंवा तो १६९.२५४ने सुरू होतो? म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वायर्ड सेटिंगमध्ये आयपीव्ही४ 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' ठेवा. राउटर न लावता लाइन थेट संगणकात घेतली असेल, तर पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून जुळणारी) जोडणी करून युजरनेम-पासवर्ड द्यावा लागू शकतो. काही इंटरनेट कंपन्या जुन्या उपकरणाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. तो त्यांच्याकडून बदलून घ्या.

टर्मिनलमध्ये दिलेल्या 'पिंग १.१.१.१' ला (ही कमांड इंटरनेटवरचा तो पत्ता उत्तर देतो का ते पाहते) उत्तर येते, पण साइट उघडत नाहीत? दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. आयपीव्ही४मध्ये ऑटोमॅटिक डीएनएस बंद करून १.१.१.१ लिहा आणि जोडणी बंद-चालू करा. पिंग कंट्रोल-सीने थांबते.

गिगाबिट (१००० एमबीपीएस वेगाचे) कार्ड १०० एमबीपीएसवर अडकले, तर केबलची एखादी तार तुटलेली असू शकते. १०० ला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून दिवा लागूनही वेग पडतो. टोक पुन्हा क्रिंप करा (टोकाला नवा प्लग दाबून बसवा) किंवा कॅट ५ई केबल घ्या. लांबी १०० मीटरच्या आत हवी.

आम्हाला कळवताना 'आयपी ए'च्या उत्तराचा फोटो पाठवा. दिवा लागतो का, तेही लिहा.